घरात केमो आणि घरात मांजर : ठकीचं काय करायचं?

प्राजक्ता_म | ३ मार्च, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. गेल्या महिन्यात लिम्फोमाचं (लसिकाग्रंथींच्या कॅन्सरचं) निदान झालं, पुढच्या सोमवारपासून केमो सुरू होतेय. सहा सायकल, दर २१ दिवसांनी. घरात ठकी आहे. नऊ वर्षांची मांजर, ऑपरेशन झालेली, सहसा घराबाहेर न जाणारी. ‘सहसा’ अशासाठी की गच्चीचं दार उघडं राहिलं की पसार होते, आणि एकदा उंदीर तोंडात धरून परत आली होती. रात्री सासूबाईंच्या पायाशी झोपते. आधी दहा मिनिटं त्यांच्या पांघरुणावर पुढच्या पायांनी कणीक मळते, मग स्वतःभोवती दोन फेऱ्या, मग धपकन पडते. नऊ वर्षं हेच.

आता भेटायला येणारा प्रत्येक जण आधी ठकीकडे बघतो, मग माझ्याकडे. ‘अजून आहे का ही?’ केमोच्या सूचनांच्या कागदावर गर्दी टाळा, ताप १००.४ झाला की लगेच फोन करा, असं सगळं लिहिलंय, पण पाळीव प्राण्यांबद्दल एक ओळ नाही. विचारायचं माझंही राहून गेलं. पुढची भेट शुक्रवारी आहे. त्यात नणंदेला तिसरा महिना आहे आणि ती पुढच्या महिन्यात आईजवळ राहायला येणार आहे. तिच्या सासरहून निरोप आलाय, मांजर असेल तर पाठवणार नाही.

सहा महिने ठकीला कुणाकडे ठेवावं का? सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, ‘मग माझीही पिशवी भरा.’

---

खट्याळ_बोका | ३ मार्च, रात्री १०.५२

मांजर ठेवा, भेटायला येणारे पाठवून द्या. जंतू निम्म्याने कमी होतील.

(आयडीमुळे माझं मत पक्षपाती धरावं.)

---

निरंजन७१ | ३ मार्च, रात्री ११.१५

गमतीचा विषय नाही हा. प्राजक्ताताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. माणूस आधी. केमोमध्ये पांढऱ्या पेशी इतक्या खाली जातात की साधी जखम महागात पडते, आणि इथे तर नखं असलेला प्राणी अंथरुणात झोपतोय. सहा महिन्यांचाच प्रश्न आहे. एखाद्या नातेवाइकाकडे ठेवा, बरं झाल्यावर परत आणा. भावनेपोटी धोका पत्करू नये.

आमच्या घरात वहिनीला दमा आहे. दादाने हौसेने मांजर आणलं, वर्षभर ‘हवामानामुळे होतंय’ म्हणत इनहेलर वाढवत राहिले. शेवटी मांजर दिलं.

---

अबोली | ३ मार्च, रात्री ११.३०

मग दमा कमी झाला का? कुतूहल म्हणून विचारतेय.

---

निरंजन७१ | ३ मार्च, रात्री ११.३८

लगेच नाही. पाचेक महिने लागले. तोवर दादा म्हणत होता, ‘बघ, मांजराचा दोष नव्हताच.’

---

श्वेतपर्णी | ४ मार्च, सकाळी ७.०५

निरंजन, पाच महिने बरोबर आहेत. मांजराची ॲलर्जी केसांमुळे होत नाही, तिच्या लाळेतल्या आणि त्वचेतल्या एका प्रथिनामुळे होते. अंग चाटताना ते केसांना लागतं, वाळतं, आणि त्याचे कण इतके बारीक असतात की तासन्‌तास हवेत तरंगतात. सोफा, गाद्या, पडदे सगळीकडे मुरतं. मांजर गेल्यावरही घरातलं प्रमाण खाली यायला चार ते सहा महिने लागतात. ‘हिच्यामुळे ॲलर्जी होतच नाही’ अशी खात्रीची जात कुठलीही नाही, विकणारे काहीही सांगोत.

आता मूळ प्रश्न. मी पशुवैद्य आहे. माणसांची डॉक्टर नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टचा, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांचा. पण प्राण्याच्या बाजूने काय बघायचं ते सांगते.

‘घरात मांजर आहे’ एवढ्यावरून धोका ठरत नाही. मांजर किती वर्षांचं, काय खातं, बाहेर जातं का, आणि त्याची शी कोण उचलतं यावर ठरतो. या चारांपैकी पहिल्या प्रश्नात ठकी पास आहे. आम्हाला भीती असते ती पिल्लांची. पिल्लांना जुलाब, जंत, गजकर्ण, पिसवा हे सगळं जास्त, आणि चावणं-ओरबाडणं हा तर त्यांचा खेळच. ओरखड्यातून होणारा बार्टोनेला हा जंतू मुख्यतः पिसवा झालेल्या पिल्लांकडून येतो. पिसवांची विष्ठा नखात असते, ती जखमेत जाते. धडधाकट माणसाच्या काखेत गाठ येते आणि बहुधा आपोआप बसते, पण प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसाला हाच जंतू फार त्रास देऊ शकतो. म्हणून केमो चालू असताना नवीन पिल्लू आणायचं नाही, हा नियम कडक. नऊ वर्षांची, घरात रुळलेली, पिसवा नसलेली मांजर ही निराळी गोष्ट आहे.

टॉक्सोप्लाझ्माबद्दल (मांजराच्या शीतून पसरणारा परजीवी) आता इथे दहा जण लिहितील, म्हणून आधीच सांगते. पहिल्यांदा लागण झाली की मांजर एक ते तीन आठवडे शीतून त्याचे अंडीवजा कोष टाकते, आणि पुढे बहुधा आयुष्यभर टाकत नाही. हे कोष ताज्या शीत असताना लागण करू शकत नाहीत, पिकायला त्यांना एक ते पाच दिवस लागतात. त्यामुळे लिटरचा, म्हणजे शी-शूच्या वाळूचा ट्रे रोज साफ झाला तर हा धोका जवळपास संपतो. तीन दिवस तसाच राहिला तर आपणच त्यांना पिकायला वेळ देतो.

तर ठकीच्या शीची तपासणी करून घ्या, जंताचं आणि पिसवांचं औषध, लशी वेळेवर, नखं दर दोन आठवड्यांनी. कच्चं मांस अजिबात नाही. गच्चीच्या दाराला जाळी. आणि ट्रेला सासूबाईंनी हात लावायचा नाही. सध्या कोण करतं?

---

प्राजक्ता_म | ४ मार्च, सकाळी ८.२०

डॉक्टर, खूप आभार. आता खरं सांगायची लाज वाटतेय. ट्रे सासूबाईच साफ करतात, ‘माझी मांजर, माझं काम’ म्हणून. आणि दर तीन-चार दिवसांनी.

---

खट्याळ_बोका | ४ मार्च, सकाळी ८.२६

म्हणजे घरात धोक्याची एकच जागा होती आणि तिथेच पेशंटची नेमणूक होती.

---

चष्मिष्ट | ४ मार्च, सकाळी ९.१०

एक भर घालते. टॉक्सो म्हटलं की सगळे मांजराकडे बोट दाखवतात, पण माणसांना तो अर्धकच्च्या मांसातून, न धुतलेल्या भाजीतून आणि मातीतूनही होतो. बागकामानंतर हात न धुणारा माणूस मांजर पाळणाऱ्याइतकाच उमेदवार आहे. हॅंड सॅनिटायझरवर विसंबू नका, हे कोष अल्कोहोलला दाद देत नाहीत. साबण-पाण्याने चोळून धुवावं लागतं. ट्रेवर उकळतं पाणी ओतलं की काम होतं.

---

मेघश्याम | ४ मार्च, दुपारी १.४५

मला निरंजन यांचं पटतं आणि श्वेतपर्णी यांचंही. आमच्या घरात घडलेलं सांगतो, त्यातून काय घ्यायचं ते घ्या.

वडिलांचं पोटाचं डायलिसिस चालू होतं. रात्री मशीन लावून झोपायचे. मशीनमधून पोटात जाणारी नळी कोमट असते, द्रव आत-बाहेर होताना ती किंचित हलते. मांजराच्या दृष्टीने याहून चांगलं खेळणं कुठलं? आमची मांजर गुणी होती, कधी कुणाला नख लावलं नाही. एका सकाळी वडील म्हणाले, चादर ओली लागतेय. नळीवर टाचणीने टोचावं तशी दोन भोकं होती. ती आम्हाला दिसली, पण चिकटपट्टी लावू, नळी बदलू, यात दुपार गेली. संध्याकाळी बाहेर आलेला द्रव धुवणासारखा गढूळ होता. पोट दुखायला लागलं होतं, ताप. द्रवाच्या तपासणीत पाश्चुरेला निघाला, मांजराच्या तोंडात सर्रास असणारा जंतू. डॉक्टरांनी अहवाल हातात घेतल्या घेतल्या विचारलं, ‘घरात मांजर आहे का?’ त्याआधीच्या दीड वर्षात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता आणि आम्हीही आपणहून सांगितलं नव्हतं.

दोन आठवडे प्रतिजैविकं घेऊन वडील बरे झाले. मांजर घरातच राहिली, पण डायलिसिसच्या खोलीचं दार त्या दिवसापासून बंद. रात्रभर बाहेरून ओरबाडायची. खालची चौकट पार सोलून निघाली.

प्राजक्ता, सासूबाईंना हातात किंवा छातीत कायमची लाइन बसवणार असतील तर ठकीला त्या नळीजवळ फिरकू देऊ नका. एवढी एकच गोष्ट मी हात जोडून सांगेन.

---

निरंजन७१ | ४ मार्च, दुपारी २.०२

माझा मुद्दा याहून वेगळा काय होता?

---

मेघश्याम | ४ मार्च, दुपारी २.१०

तुम्ही मांजर हलवताय, मी दार लावतोय. एवढाच फरक.

---

अण्णा_नेहमीचे | ४ मार्च, दुपारी ४.३०

एवढी कटकट करण्यापेक्षा कासव पाळावं. चावत नाही, ओरबाडत नाही, केस नाहीत, अंथरुणात येत नाही. आजारी माणसालाही विरंगुळा.

---

श्वेतपर्णी | ४ मार्च, दुपारी ४.४१

अण्णा!! नेमकं उलटं आहे. कासव, सरडे, साप हे सालमोनेला अंगावर बाळगून असतात आणि स्वतः ठणठणीत दिसतात. पाच वर्षांखालची मुलं, म्हातारी माणसं, केमोचे किंवा प्रत्यारोपणाचे रुग्ण असलेल्या घरात सरपटणारे प्राणी नकोच असं सांगतात. हातात घ्यायलाच पाहिजे असंही नाही, टाकीचं पाणी पुरतं, आणि लोक ती टाकी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुतात. अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान पाठीच्या कासवांच्या विक्रीवर बंदी आहे ती यामुळेच, लहान मुलं ती सरळ तोंडात घालत.

---

खट्याळ_बोका | ४ मार्च, दुपारी ४.४५

आणि आपण मात्र साप साप म्हणून मांजर धोपटत बसलो होतो.

---

अण्णा_नेहमीचे | ४ मार्च, संध्याकाळी ५.००

बरं मग मासे. मासे तरी पाळू द्याल का?

---

चष्मिष्ट | ४ मार्च, संध्याकाळी ५.१२

बघायला उत्तम. टाकीत हात घालायचं काम मात्र दुसऱ्याचं. टाकीच्या पाण्यात क्षयरोगाच्या जंतूच्या भाऊबंदांपैकी एक असतो, मायकोबॅक्टेरियम मरिनम. बोटाला चीर असेल तर तिथे गाठ येते आणि महिनोन्‌महिने बरी होत नाही. माझ्या मावसभावाने चामखीळ समजून तीन महिने मलम लावलं. टाकी घासताना रबरी हातमोजे घातले की झालं.

---

सदाफुली | ४ मार्च, रात्री ९.२०

सगळे जंतूंच्या मागे लागलेत म्हणून मी वेगळंच लिहिते. आईचा खुबा मोडला तो आमच्या कुत्र्यामुळे. जंतू नाही, चावा नाही. कुत्रा काळा, रात्रीची वेळ, तो बाथरूमच्या दारात पसरलेला. आई उठली, दिवा लावला नाही कारण ‘बाबांची झोप मोडेल’. खुब्याचं ऑपरेशन, मग वॉकर. आता कुत्र्याच्या गळ्यात घुंगरू आहे आणि जमिनीलगत रात्रीचा दिवा. दोन्ही मिळून अर्ध्या तासाचं काम होतं, आधी सुचलं असतं तर!

तेव्हा शोधताना एक आकडा वाचला होता, तो डोक्यात बसलाय. अमेरिकेत २००१ ते २००६ या काळात कुत्र्या-मांजरांमुळे पडून जखमी झालेल्यांची मोजदाद केली, तर वर्षाला सरासरी ८६,६२९ अंदाज निघाला. मांजरांच्या साडेसातपट कुत्र्यांमुळे. म्हाताऱ्या माणसांचा धोका मोजायचा तर मला वाटतं आधी पाय कुठे अडकतो ते बघावं, मग सूक्ष्मदर्शक.

केमोत अशक्तपणा असतो, तळपाय बधिर होतात, प्लेटलेट कमी असतात. त्यात ठकी पायात आली तर?

---

खट्याळ_बोका | ४ मार्च, रात्री ९.२८

‘मांजर आडवं गेलं’ याचा खरा अर्थ आज कळला.

---

हळवा_कोपरा | ५ मार्च, सकाळी ११.००

नणंदेबद्दल कुणीच लिहीत नाहीये, म्हणून मी.

सात वर्षांपूर्वी मी गरोदर होते आणि आमच्याकडे भुरी होती. सासूबाई, आत्या, शेजारच्या काकू, सगळ्यांचं एकच. मांजराचा केस पोटात गेला की बाळाला अपंगत्व येतं. मी भांडले नाही, अंगात ताकदच नव्हती. भुरीला दूरच्या ओळखीत दिलं. तिथून ती दुसऱ्या दिवशी पळाली आणि सापडली नाही. पुढे दुसऱ्या बाळंतपणात वेगळ्या डॉक्टरांनी साधी रक्ततपासणी केली. टॉक्सोच्या जुन्या लागणीच्या प्रतिपिंडांची, आयजीजी म्हणतात ती. पॉझिटिव्ह आली. म्हणजे मला कधीतरी पूर्वीच होऊन गेला होता. त्या म्हणाल्या, गरोदरपणाआधीच होऊन गेलेला असेल तर बाळाला सहसा धोका नसतो, धोका असतो तो पहिल्यांदाच गरोदरपणात झाला तर. केसाने काही होत नाही.

अर्थात पहिल्या वेळी तपासणी केली नव्हती, त्यामुळे तेव्हा मी कुठल्या गटात होते ते मला कधीच कळणार नाही. ‘भुरीला देऊन चूक केली’ असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, याचाच जास्त त्रास होतो.

---

श्वेतपर्णी | ५ मार्च, दुपारी १२.१५

हळवा_कोपरा, वाचून वाईट वाटलं. माहिती अगदी बरोबर दिली आहेत. एवढंच जोडते : सुरुवातीच्या महिन्यांत लागण झाली तर ती बाळापर्यंत पोचण्याची शक्यता कमी, पण पोचली तर नुकसान मोठं. शेवटच्या महिन्यांत उलट. म्हणून नणंदेची तपासणी आत्ताच व्हावी.

आणि प्राजक्ता, सासूबाईंचीही. त्यांच्या बाबतीत गणित वेगळं आहे. जुनी लागण शरीरात निपचित पडून असते आणि प्रतिकारशक्ती फार खचली की कधीकधी पुन्हा डोकं वर काढते. म्हणजे मांजर घरात असो वा नसो, डॉक्टरांना ते माहीत असलेलं बरं.

---

फिरस्ता | ५ मार्च, रात्री ८.४०

माझी प्लीहा नाही. बारा वर्षांपूर्वी अपघातात फुटली, काढून टाकली. घरी लॅब्रेडॉर आहे आणि तो मनापासून चाटतो. प्लीहा काढलेल्यांनी कुत्र्याच्या लाळेला जपावं हे मला सहा वर्षांनी कळलं, तेही एका भुलतज्ज्ञाकडून, दाताच्या ऑपरेशनआधी, सहज गप्पांत. कॅप्नोसायटोफागा नावाचा जंतू धडधाकट कुत्र्यांच्या तोंडातसुद्धा असतो. बहुतेकांना काही करत नाही, पण प्लीहा नसलेल्याच्या किंवा यकृत निकामी झालेल्याच्या रक्तात शिरला तर एक-दोन दिवसांत सेप्सिस, म्हणजे अंगभर पसरलेला जीवघेणा जंतुसंसर्ग.

कुत्रा दिला का? नाही. पाकिटात कार्ड ठेवतो, ‘प्लीहा नाही’ असं लिहिलेलं. अंगावर जखम असेल तर झाकतो. दात लागला, अगदी खेळताना, तरी धुऊन त्याच दिवशी डॉक्टरकडे, ‘बघू उद्या’ नाही. तोंड चाटणं बंद केलंय. म्हणजे माझ्या बाजूने बंद आहे, त्याला अजून पटलेलं नाही.

---

अबोली | ५ मार्च, रात्री ९.०५

यात रेबीजही हवाच. घरचं जनावर असलं तरी लस चुकवू नका. चावलं, ओरबाडलं की साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं. पंधरा म्हणजे घड्याळ लावून, आपल्या अंदाजाने ती तीनच होतात. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना नुसत्या ओरखड्यालाही लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून दवाखान्यात ‘केमो चालू आहे’ हे आधी सांगायचं, मग जखम दाखवायची. गरोदर बाईलाही लस देतात, ‘आत्ता नको’ म्हणून थांबायचं नाही.

---

निरंजन७१ | ५ मार्च, रात्री १०.३०

सगळं वाचलं. माहिती चोख आहे, मान्य. पण एक प्रश्न कुणी विचारत नाही. हे सगळं करणार कोण?

रोज ट्रे. दोन आठवड्यांनी नखं. शीची तपासणी, औषधं, दार लावणं, दार उघडं राहिलं का बघणं, पांघरूण गरम पाण्यात धुणं, घुंगरू, दिवा. आणि हे सगळं केमोच्या घरात, जिथे आधीच औषधांच्या वेळा, दवाखान्याच्या फेऱ्या, पथ्य, पाहुणे आहेत. धागा काढणारी बहुधा एकटी बाई हे सगळं सांभाळतेय. तुम्ही प्रत्येकाने तिच्या यादीत दोन-दोन ओळी घातल्या. मी मांजरद्वेष्टा नाही. माझी आई गेली तेव्हा शेवटचं दीड वर्ष मी केलंय. अशा वेळी एक जबाबदारी कमी झाली तर माणूस श्वास घेतो.

---

सदाफुली | ५ मार्च, रात्री १०.४४

निरंजन, या प्रतिसादाला माझं अनुमोदन. आधीच्यांना नव्हतं.

---

मेघश्याम | ५ मार्च, रात्री ११.१०

रास्त आहे. पण मग प्रश्न मांजराचा उरत नाही, घरातल्या बाकीच्या हातांचा होतो. घरात आणखी कोण आहे, प्राजक्ता?

---

प्राजक्ता_म | ५ मार्च, रात्री ११.२५

नवरा (महिन्यातले पंधरा दिवस दौऱ्यावर), सासरे (७२, निवृत्त, तब्येत उत्तम, पेपर वाचतात).

निरंजनकाका, तुमचा प्रतिसाद वाचून रडू आलं. वाईट नाही, बरं वाटून.

---

खट्याळ_बोका | ५ मार्च, रात्री ११.२७

‘पेपर वाचतात.’ उमेदवार सापडला.

---

चष्मिष्ट | ६ मार्च, सकाळी १०.००

थोडं अवांतर. भेटायला येणारे फुलं आणतात, तर लिली दारातच अडवा. लिलीचं पान, फूल, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी करतं. अगदी थोडं पुरतं, पराग अंगावर पडून चाटला तरी. पांढऱ्या पेशी खाली असताना फुलदाणीतलं साचलेलं पाणी पेशंटच्या खोलीतही नकोच असतं. एकाच गुच्छात दोघींची सोय.

तसंच उलट्या बाजूचं. पेशंटची औषधं ठकीच्या तोंडी लागू देऊ नका. त्वचेच्या कर्करोगावर लावायच्या फ्लुओरोयुरॅसिल मलमाची ट्यूब चघळून कुत्री मेलेली आहेत. गोळी खाली पडली तर शोधून उचला.

---

अण्णा_नेहमीचे | ६ मार्च, दुपारी ३.३०

पोपटाचं विचारणार होतो, पण आता धीर होत नाही.

---

श्वेतपर्णी | ६ मार्च, दुपारी ३.५०

:) विचारा हो. पोपटांकडून सिटॅकोसिस होतो, वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासात गेली की न्यूमोनियासारखा आजार. डॉक्टरांना पक्षी घरात आहे हे सांगितलं तर योग्य प्रतिजैविकाने बरा होतो, नाही सांगितलं तर ते भलतीकडेच शोधत बसतात. पिंजरा झाडायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचा. कबुतरांचं त्याहून वाईट. वर्षानुवर्षं त्यांच्या पिसांची-विष्ठेची धूळ घेऊन फुप्फुसं कायमची आखडतात. दम लागतो, कोरडा खोकला येतो, आणि माणूस म्हणतो ‘वय झालं’.

---

अबोली | ६ मार्च, दुपारी ४.१०

हॅम्स्टरवाले कुणी असतील तर : त्यातही एक विषाणू असतो, एलसीएमव्ही. २००५ मध्ये अमेरिकेत एका दात्याचे अवयव चौघांना बसवले आणि तिघे दगावले. दात्याच्या घरी नुकताच आणलेला हॅम्स्टर निघाला. गरोदर बायकांनीही उंदीरवर्गीय पाळीव प्राण्यांपासून लांब राहावं.

---

अण्णा_नेहमीचे | ६ मार्च, दुपारी ४.१२

मी कुंडीत कोरफड लावतो.

---

चष्मिष्ट | ६ मार्च, दुपारी ४.१५

हातमोजे घालून लावा. :)

---

प्राजक्ता_म | ९ मार्च, रात्री ९.५०

शुक्रवारी डॉक्टरांना भेटलो. मी सगळं कागदावर लिहून नेलं होतं. मांजर आहे म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘वय काय?’ मी म्हटलं, ‘अडुसष्ट.’ ते म्हणाले, ‘मांजराचं.’

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. ठकी राहू शकते. ट्रे सासूबाईंनी करायचा नाही, त्या खोलीत ठेवायचाही नाही. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवशी पेशी सगळ्यात खाली असतात, त्या दिवसांत खोलीचं दार बंद. एरवी ठकी खोलीत चालेल, पण अंथरुणात नाही. दंडात लाइन बसवणार आहेत, तिच्यावर कायम आवरण. ओरखडा आला तर कितीही लहान असो, फोन. (मेघश्याम, डायलिसिसची गोष्ट सांगितली तर त्यांनी मान डोलावली, नवल वाटलेलं दिसलं नाही.)

दोघींच्या टॉक्सोच्या तपासण्या झाल्या. सासूबाईंची आयजीजी पॉझिटिव्ह, जुनी. डॉक्टरांनी फाइलवर लाल पेनने लिहून ठेवलं. नणंदेची निगेटिव्ह, म्हणजे जपायचं तिने. पण तिला विचारलं काय काय करतेस, तर कळलं की तिच्या सासरी मोठी बाग आहे आणि ती रोज संध्याकाळी नुसत्या हाताने माती उकरते. गल्लीतली मांजरं त्याच वाफ्यात जातात. सासरच्यांनी आमच्या ठकीचा निरोप पाठवला होता, त्यांच्या वाफ्याचा कुणी पाठवला नाही.

सासऱ्यांशी बोलले. ते म्हणाले, ‘मला जमणार नाही, मला किळस येते.’ सासूबाई आतून ओरडल्या, ‘चाळीस वर्षं मी तुमच्या आईचं केलं.’ विषय संपला.

---

निरंजन७१ | ९ मार्च, रात्री १०.०५

:) चला.

---

प्राजक्ता_म | २४ एप्रिल, रात्री १०.१५

धागा वर काढतेय, माफी. दोन सायकल झाल्या, तिसरी पुढच्या आठवड्यात.

सासरे रोज सकाळी सात वाजता ट्रे साफ करतात. तोंडाला मास्क, हातात मोजे, वर माझा जुना ॲप्रन. फ्रीजवर तक्ता लावलाय, त्यात शीची वेळ आणि ‘प्रकार’ लिहितात. शेवटचा रकाना मी मागितला नव्हता. गच्चीच्या दाराला जाळी बसली. ठकी तिच्यासमोर बसून शेपटी आपटते.

बंद दाराचे दिवस वाईट. ती बाहेर बसते, आत सासूबाई बसतात, आणि दोघी एकमेकींशी बोलतात. म्हणजे सासूबाई बोलतात, ठकी ओरडते. आठव्या दिवसापासून मी दाराच्या फटीखाली बघते तर एक पंजा आत गेलेला असतो. सासूबाई पायात चप्पल घालून, पंजापासून हातभर अंतरावर स्टूल टाकून बसतात. त्यांनी हे अंतर स्वतःच ठरवलंय. मी मोजलं नाही.

दुसऱ्या सायकलच्या अकराव्या दिवशी ताप आला, १०१. तीन दिवस भरती. घरी सगळ्यांनी ठकीकडे बघितलं, मीसुद्धा. कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, काहीच उगवलं नाही. डॉक्टर म्हणाले, बऱ्याचदा तसंच होतं, कारण सापडत नाही आणि जंतू पुष्कळदा माणसाच्या स्वतःच्या आतड्यातलेच असतात. मी त्यांना दोनदा विचारलं, मांजरामुळे नाही ना? ते म्हणाले, ‘नाही असं लिहून देणार नाही. पण मी माझा पैसा तिच्यावर लावणार नाही.’ त्या तीन रात्री मला झोप लागली नाही, खरं सांगते. निरंजनकाका बरोबर होते असं तेव्हा वाटलं. सासूबाई घरी आल्या, दारातच विचारलं, ‘तक्ता भरला का?’

---

मेघश्याम | २४ एप्रिल, रात्री १०.४०

फटीतला पंजा. आमच्या चौकटीला अजून रंग दिलेला नाही.

---

श्वेतपर्णी | २५ एप्रिल, सकाळी ७.१०

सासऱ्यांचा तक्ता मला पाठवा, माझ्या दवाखान्यात लावते. नखं कापली का?

---

प्राजक्ता_म | २५ एप्रिल, सकाळी ८.००

पुढची उद्या. ती मीच कापते, त्यांना तेवढं जमत नाही. ठकीला टॉवेलात गुंडाळलं की सासरे डोळे मिटतात.

---

निरंजन७१ | २५ एप्रिल, सकाळी ९.३०

माझं मत अजून बदललेलं नाही. तिसऱ्या सायकलनंतर कळवा. दोघींचंही.